तारेत ओवलेला देश

गेल्या उन्हाळ्यात गावाकडच्या जुन्या घराची छपरी उतरवली. तिवसा तालुक्यातले हे घर पणजोबांच्या काळातले. मातीच्या भिंती, सागाच्या मयाली, वर कवेलू. पुढची भिंत आणखी एक पावसाळा काढणार नाही, असे गवंड्याने बजावले होते. कवेलू उतरून झाल्यावर मधल्या खांबाच्या खुंटीला अडकवलेली एक वस्तू मजुराने माझ्या हातात आणून दिली. जाड लोखंडी तार, खालच्या टोकाला लाकडाची चकती, वरच्या टोकाला आकडा, आणि त्या तारेत एकावर एक ओवलेली पत्रे. आलेले पत्र वाचून झाले की आकड्यातून तारेत खोचायचे, इतकीच या तारेची रीत. त्यामुळे सर्वांत जुने पत्र तळाशी जाते आणि सर्वांत नवे वर राहते. विहीर खणताना मातीचे थर लागत जावेत, तसे वरून एकेक पत्र काढत गेले की एकेक वर्ष मागे पडत जाते.

ही तार माझ्या आजोबांची. त्यांना आम्ही आबाजी म्हणत असू. ते साधे कोरडवाहू शेतकरी. पण मोडी आणि बाळबोध दोन्ही वाचता येणारी माणसे त्यांच्या तरुणपणी गावात दोन-तीनच होती, म्हणून गावात आलेले पत्र बहुधा आमच्याच छपरीत वाचले जाई. पुष्कळ जण वाचून झालेला कागद ‘राहू द्या तुमच्यापाशीच’ म्हणून तिथेच ठेवून जात. आबाजींच्या मागे माझ्या वडिलांनी तार चालू ठेवली. अशी घरची आणि गावाची मिळून ४१२ पत्रे भरली. त्यांतली बहुतेक कार्डे आणि अंतर्देशीय पत्रे, म्हणजे ज्यांच्यावर तिकीट छापूनच येते अशी. पाकिटे १३० आहेत आणि त्यांपैकी ६१ पाकिटांवर स्मारक तिकिटे आहेत, किंवा होती.

‘होती’ हा शब्द लिहिताना आजही मन खंतावते. पवनारला विनोबांचे निधन झाल्यावर वर्षभराने, १९८३ मध्ये, त्यांच्यावर पन्नास पैशांचे तिकीट निघाले. वर्ध्याहून आलेल्या एका पाकिटावरचे ते तिकीट आमच्या गुरुजींनी वर्गात दाखवले आणि मला तिकिटे जमवण्याचा नाद लागला. मी नऊ-दहा वर्षांचा असेन. दुपारी घरातले सगळे वावरात गेले असताना मी तारेवरून पाकिटे उतरवली, कोपरे कात्रीने कापून वाटीतल्या पाण्यात टाकले, कागद सुटल्यावर तिकिटे वर्तमानपत्रावर वाळवली आणि वहीत चिकटवली. जवळजवळ वीस पाकिटे अशी कोपरा गमावून बसली. आबाजींच्या ते लक्षात आले तेव्हा ते रागावले नाहीत. कापलेले पाकीट उजेडात धरून एवढेच म्हणाले, “आता हा कागद कोन्या गावाहून आला अन् कवा आला, हे कसं सांगशीन बाप्पा?” तिकीट सोडवताना मी शिक्काही अर्धा करून टाकला होता, हे त्या वयात मला समजले नाही.

तिकिटांचे ढोबळमानाने दोन प्रकार. एक नेहमीचे, जे पोस्टात वर्षानुवर्षे तेच मिळते आणि संपले की पुन्हा छापले जाते. दुसरे स्मारक तिकीट. ते एखाद्या व्यक्तीच्या, घटनेच्या किंवा संस्थेच्या स्मरणार्थ ठरावीक संख्येने एकदाच छापतात, आणि संपले की संपले. शहरातल्या मोठ्या डाकघरात ते मिळते, पण आमच्यासारख्या गावच्या शाखा डाकघरात पोस्टमास्तरांच्या लाकडी पेटीत बहुतेक वेळा नेहमीचीच तिकिटे असत. स्मारक तिकीट गावात यायचे ते कुणाच्या तरी पत्रावर बसून, नागपूरहून, अमरावतीहून, वर्ध्याहून. देशाने कुणाची आठवण ठेवली आहे, हे आमच्या गावाला असे उशिरा आणि आप्तांच्या हातून कळत असे.

भारतात हा प्रकार सुरू झाला १९३१ मध्ये, आणि तोही राज्यकर्त्यांच्या गौरवासाठी. नवी दिल्ली या राजधानीच्या उद्घाटनानिमित्त सहा तिकिटे निघाली आणि त्यांवर दिल्लीतल्या इमारती होत्या. १९३५ मध्ये पंचम जॉर्जच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवाची सात तिकिटे आली. त्यांवर राजाच्या शेजारी गेटवे ऑफ इंडिया, ताजमहाल, सुवर्णमंदिर, रामेश्वरचे मंदिर आणि त्या वेळी याच साम्राज्यात असलेल्या मंडालेचा पॅगोडाही होता. वास्तू आपल्या आणि मुद्रा राजाची, अशी ती आठवण होती. स्वतंत्र भारताचे पहिले तिकीट २१ नोव्हेंबर १९४७ रोजी निघाले. त्यावर फडकणारा तिरंगा, देवनागरीत ‘जय हिंद’ आणि १५ ऑगस्टची तारीख. त्याची किंमत साडेतीन आणे, कारण ते परदेशी जाणाऱ्या पत्रांसाठी होते. देशातल्या देशात पत्र पाठवणाऱ्याच्या वाट्याला अशोकस्तंभाचे सिंह आले ते त्यानंतर १५ डिसेंबरला, दीड आण्याच्या तिकिटावर. आधी जगाला सांगायचे आणि मग घरच्यांना, हा क्रम मला फार बोलका वाटतो. नव्या राष्ट्राला आपली ओळख पटवून द्यायची घाई बाहेर अधिक होती.

तारेच्या वरच्या थरात १९९० नंतरची पाकिटे आहेत. १९९३ मध्ये राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांवर, १९९८ मध्ये गाडगेबाबांवर आणि १९९९ मध्ये डॉ. पंजाबराव देशमुखांवर तिकीट निघाले. तिघेही अमरावती जिल्ह्यात जन्मलेले. यावलीचे, शेंडगावचे आणि पापळचे. सहा वर्षांच्या अंतरात ही तीन माणसे राष्ट्राच्या स्मरणात अधिकृतपणे दाखल झाली, तोवर आमच्याकडे त्यांना डोळ्यांनी पाहिलेली पिढी काठी टेकत चालू लागली होती. महाराजांचे निधन १९६८ चे, पंजाबरावांचे १९६५ चे, बाबांचे १९५६ चे. दिल्लीत टपाल खात्याची एक सल्लागार समिती असते. तिच्यापुढे देशभरातून नावे जातात आणि बहुधा जयंती, शताब्दी असे काही निमित्त असावे लागते. पंजाबरावांच्या बाबतीत तर असे झाले की त्यांच्या कामाला तिकीट आधी मिळाले. ते केंद्रात कृषिमंत्री असताना दिल्लीत जे पहिले जागतिक कृषी प्रदर्शन भरले, त्याचे पंधरा नव्या पैशांचे तिकीट ३० डिसेंबर १९५९ चे आहे. त्यांचा चेहरा तिकिटावर यायला पुढे चाळीस वर्षे लागली.

महाराजांचे तिकीट प्रथम घरी आले तो दिवस मला नीट आठवतो. अमरावतीहून आलेले ते पाकीट पोस्टमनने माझ्या वडिलांच्या आत्याच्या हाती दिले. आत्याआजी तरुणपणी मोझरीच्या सामुदायिक प्रार्थनेला चालत जात, महाराजांची खंजिरी त्यांनी अनेकदा ऐकलेली. त्यांना वाचता येत नव्हते, पण चेहरा पाहताच त्या म्हणाल्या, “माय! हे त महाराज होत!” आणि त्यांनी पाकीट कपाळाला लावले. मग जवळ धरून पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला. “पन महाराजाच्या तोंडावर शिक्का कायले हानला रे?” पोस्टमन खाटेवर टेकला होता. तो समजावणीच्या सुरात म्हणाला, “शिक्का नाही मारला त कोनीबी तिकीट काढून दुसऱ्या पाकिटाले चिकटवन, काकू. मंग टपाल कसं चालन?” आत्याआजींचे समाधान झाले नाही. त्यांनी पदराच्या टोकाने शाई पुसून पाहिली, ती निघाली नाही.

त्यांचा प्रश्न मी तीस वर्षे मनात वागवतो आहे. तिकिटांचे जाणकार त्याचे उत्तर वेगळे देतील. नागपूरच्या एका अनुभवी संग्राहकाला मी ही तार दाखवायला नेली होती. त्यांनी प्रत्येक पाकीट आस्थेने पाहिले आणि शेवटी खरे ते सांगितले, की यातल्या बहुतेक तिकिटांना बाजारात किंमत नाही. शिक्के काळेभोर आहेत, तिकिटांच्या कडेचे दाते झडले आहेत, काहींच्या मधोमध तारेचे भोक आहे. संग्रहासाठी कोरे तिकीट घ्यावे, डिंकासकट, आणि चिमट्याने उचलावे. त्यांच्या विद्येच्या दृष्टीने ते बरोबरच होते. पण कोऱ्या तिकिटावर मला एकच गोष्ट वाचता येते: राष्ट्राने अमुक दिवशी अमुक आठवण काढली. त्यावर शिक्का पडला की दुसरी गोष्ट त्याला येऊन मिळते, की त्या आठवणीच्या वेळी अमुक गावातले अमुक माणूस अमुक कारणाने पत्र लिहीत होते. या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्याशिवाय देशाचा इतिहास पुरा वाचला असे मला वाटत नाही.

याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण तारेच्या साधारण मध्यावर आहे. ‘छोडो भारत’ आंदोलनाला पंचवीस वर्षे झाली तेव्हा, १९६७ च्या ऑक्टोबरात, पंधरा पैशांचे तिकीट निघाले. त्यावर पाटण्याचे हुतात्मा स्मारक आहे. तारेवरच्या पाकिटावर त्या स्मारकाच्या पायऱ्यांवर अर्धगोल शिक्का पडला आहे आणि त्यातले नाव आहे आष्टी. वर्धा नदीपलीकडचे हे गाव. १६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीच्या दिवशी, आष्टी आणि चिमूर या दोन्ही ठिकाणी लोक उठले, गोळ्या चालल्या, माणसे गेली, आणि मागाहून जे अत्याचार झाले त्यांची आठवण म्हातारी माणसे हळू आवाजात काढत. त्याच आंदोलनात तुकडोजी महाराजांनाही अटक होऊन तुरुंगवास घडला. तिकिटावर पाटणा आहे ते योग्यच आहे. १९४२ मध्ये तिथे गोळीबारात गेलेल्या सात तरुणांचे ते बलिदान साऱ्या देशाचे आहे. पण पत्र टाकणाऱ्याने ते आष्टीच्या पेटीत टाकले आणि तिथल्या पोस्टात कुणीतरी नेहमीच्या सवयीने हात उचलून शिक्का मारला, तेव्हा त्या एक इंच कागदावर दोन्ही गावे एकत्र आली. पत्रात आंदोलनाचा शब्दही नाही. बहिणीने भावाला लिहिले आहे की यंदा पराटी, म्हणजे कपाशी, बरी आहे, पोळ्याला आला नाहीस, दिवाळीला तरी ये.

तिकिटावरची किंमतही वाचण्यासारखी असते. साधे पत्र १९४८ मध्ये दीड आण्यात जाई, १९५७ नंतर पंधरा नव्या पैशांत, १९६८ मध्ये वीस पैशांत, १९८३ मध्ये पन्नास पैशांत, १९९१ मध्ये रुपयात आणि गाडगेबाबांच्या तिकिटाच्या वेळी तीन रुपयांत. मडके आणि खराटा एवढाच ज्यांचा संसार, त्यांचे चित्र असलेले ते तीन रुपयांचे तिकीट मी स्वतः एका नोकरीच्या अर्जावर लावले होते. ते अर्जाबरोबर गेले. तारेवर आहे ते वडिलांना आलेल्या दुसऱ्या पत्रावरचे.

१९६८ च्या पाकिटांत दोन तिकिटे लागोपाठ येतात. एक आहे देशात एक लाख डाकघरे झाल्याचे. त्यावर टपालपेटी आहे. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा देशात २३,३४४ डाकघरे होती, ती एकवीस वर्षांत लाखावर गेली. आमच्या गावातले शाखा डाकघर याच वाढीतले. त्याआधी टपाल आठवड्यातून एक-दोनदा बाजाराच्या गावाहून येई, आणि कोणी न्यायला गेले नाही तर तिथेच पडून राही. दुसरे तिकीट गहू क्रांतीचे, त्याच वर्षीच्या जुलैतले. पण ज्या पाकिटावर ते लावले आहे त्याच्या आत गव्हाचे नाव नाही. आमच्या काळ्या, कोरडवाहू जमिनीत त्या क्रांतीचा गहू कुठून येणार? आत अकोल्याच्या मामांनी आबाजींना हायब्रीड ज्वारीबद्दल कळवले आहे. कणीस मोठे येते, कडबा मात्र आखूड, गुरांचे काय करायचे ते पाहून पेरा. देशाच्या धान्यकोठारांचा जो इतिहास तिकिटाने सांगितला, त्याचे वऱ्हाडी रूप पाकिटाच्या आतल्या कागदावर आहे.

१९७१ च्या नोव्हेंबरपासून पुढच्या दीडेक वर्षातली पाकिटे लगेच ओळखू येतात. त्यांच्यावर नेहमीच्या तिकिटाखेरीज पाच पैशांचे एक जादा तिकीट आहे. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या मदतीसाठी पत्रावर पाच पैशांचा अधिभार बसवला होता. खास तिकीट छापून होईपर्यंत वेळ जाणार म्हणून कुटुंबनियोजनाच्या नेहमीच्या पाच पैशांच्या तिकिटावरच ‘शरणार्थी सहायता’ असे छापून ते ठिकठिकाणी वापरले. मागाहून निर्वासित कुटुंबाचे चित्र असलेले तिकीट आले. १९७३ च्या मार्चअखेर हा अधिभार चालला. काटेकोरपणे पाहिले तर हे स्मारक तिकीट नव्हे, कर आहे. तरीही माझ्या मते आपल्या साऱ्या तिकिटांत याच्याइतके मोलाचे दुसरे नाही, कारण इथे राष्ट्राने आठवण काढली नाही, हात पुढे केला, आणि प्रत्येक पत्र लिहिणाऱ्याने त्यावर काहीतरी ठेवले. १९७२ हे महाराष्ट्रात दुष्काळाचे वर्ष. तारेवरच्या त्या वर्षीच्या पत्रांत विहिरी आटल्याच्या, बैल विकल्याच्या, खडी फोडायच्या कामावर गेल्याच्या बातम्या आहेत आणि त्या प्रत्येक पाकिटावर अनोळखी बंगाली कुटुंबासाठी दिलेले पाच पैसे आहेत. अशी बंगाली कुटुंबे त्याआधीच आपल्या गडचिरोलीकडच्या चामोर्शी-मुलचेऱ्याच्या जंगलपट्ट्यात येऊन वसली होती, पण आमच्या गावात ती कुणी पाहिली नव्हती. आईला मी विचारले, तर ती म्हणाली, जास्तीचे पाच पैसे काहून, असे प्रत्येक जण पोस्टमास्तरांना एकदा विचारायचा आणि उत्तर ऐकल्यावर देऊन टाकायचा.

काही वर्षे अशी आहेत की पाकीट एक बोलते आणि तिकीट दुसरे. १९७५ च्या एप्रिलमध्ये आर्यभट्ट उपग्रहाचे तिकीट निघाले आणि ते पुढे वर्षभर पत्रांवर दिसते. त्यातल्या एका पाकिटात दुसऱ्या तालुक्यातल्या एका शाळामास्तराने आबाजींना लिहिले आहे की नसबंदीच्या केसेस आणायचा आकडा ठरवून दिला आहे, तो भरला नाही तर पगार अडतो, लोक मला पाहून दारे लावून घेतात. आणीबाणीचा हा पैलू तिकिटावर यावा अशी अपेक्षा कुणी करणार नाही. तिकीट हा राष्ट्राच्या अंगावरचा दागिना आहे. जखमा त्यावर दिसत नाहीत. मात्र ज्यांना तिकिटांवरून इतिहास वाचायचा आहे त्यांनी त्या काळातली पाकिटेही उघडली पाहिजेत, असे मी आग्रहाने म्हणेन.

याउलट १८ एप्रिल १९५८ चे तिकीट पाहिले की आनंद वाटतो. त्या दिवशी महर्षी धोंडो केशव कर्वे यांना शंभर वर्षे पूर्ण झाली आणि हयात असताना तिकिटावर येणारे ते पहिले भारतीय ठरले. राजा नाही, सेनापती नाही. विधवांसाठी आणि मुलींच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचलेला एक शिक्षक. त्या तिकिटाचे पाकीट अमरावतीहून आले आहे. त्यात आबाजींच्या थोरल्या मुलीला, म्हणजे माझ्या मोठ्या आत्याला, वसतिगृहात जागा मिळाल्याचे कळवले आहे. आत्या मॅट्रिक झाली. आमच्या घरातली ती पहिली.

तारेचा खालचा भाग गंजाने लाल झाला आहे. तिथे पोचल्यावर तिकिटांपेक्षा पत्ते अधिक लक्ष वेधून घेतात. आमचे गाव आपल्या जागेवरून एक हातभरही हलले नाही, पण १९४८ च्या पाकिटावर पत्त्याखाली ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’ आहे, १९५० नंतर ‘मध्यप्रदेश’ आहे, १ नोव्हेंबर १९५६ नंतर ‘मुंबई राज्य’ आणि १ मे १९६० नंतर ‘महाराष्ट्र’. एका पिढीतल्या माणसांनी चार राज्यांत पत्रे घेतली. पुढे १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड आला आणि पत्त्याच्या शेवटी ४४४ ने सुरू होणारा आकडा बसला. ही पद्धत रचणारे श्रीराम भिकाजी वेलणकर संस्कृतचे पंडित होते, हे मला फार उशिरा कळले.

सगळ्या तारेवर सर्वांत जड वर्ष १९५६. त्या वर्षीच्या मे महिन्यात बुद्धाच्या महापरिनिर्वाणाला २,५०० वर्षे झाल्यानिमित्त दोन तिकिटे निघाली, दोन आण्यांचे आणि चौदा आण्यांचे. जुलैत टिळकांच्या जन्मशताब्दीचे निघाले. १४ ऑक्टोबरला नागपुरात बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले आणि पुढच्या चौदा दिवसांत, २० डिसेंबरला, अमरावतीच्या वाटेवर गाडगेबाबा गेले. त्या ऑक्टोबरातले एक पाकीट तारेवर होते. आमच्या गावातल्या त्या वेळच्या महारवाड्यातला एक तरुण नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये कामाला होता. त्याने आपल्या वडिलांना लिहिलेले ते पत्र. पाकिटावर बुद्धजयंतीचे दोन आण्यांचे तिकीट, त्यावर नागपूरचा शिक्का. आत दीड पान मजकूर: मैदानावर माणूस मावत नव्हता, सगळ्यांनी पांढरे कपडे घातले होते, आम्ही बावीस प्रतिज्ञा घेतल्या, आता आपण बौद्ध आहोत, घरातले जुने देव काढून ठेवा.

सरकारने ते तिकीट छापले तेव्हा मनात अडीच हजार वर्षांपूर्वीचा बुद्ध होता. पत्र लिहिणाऱ्याच्या मनात पंधरवड्यापूर्वीचा होता. हे पत्र आबाजींनी वाचून दाखवले, तेव्हा त्या तरुणाचे वडील छपरीखाली अंगणात उभे होते, वर आले नव्हते, असे आई सांगते. तिने ते आपल्या सासूकडून ऐकलेले. मी हे इथे लिहून ठेवतो आहे, कारण ते कुठल्याही तिकिटावर येणार नाही आणि आमच्या घराच्या संदर्भात खरे आहे. पत्र वाचून झाल्यावर ते कागद आमच्याकडेच राहिले, याचेही मला आता वाईट वाटते. बाबासाहेबांवर तिकीट निघाले ते १४ एप्रिल १९६६ रोजी, पंधरा पैशांचे. गेल्या जूनमध्ये मी ते पाकीट त्या कुटुंबातल्या नातवाकडे नेऊन दिले. त्याने ते हातात घेतले, पहिले शिक्क्यावरची तारीख वाचली, मग पत्र. वाचून झाल्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने मला घरात बोलावले, बसायला दिले आणि आतून आपल्या म्हाताऱ्या आईला हाक मारून ते तिला मोठ्याने वाचून दाखवले. तारेवर आता त्या जागी कागद नाही.

तळाच्या पाच-सहा पाकिटांचे कोपरे मी लहानपणी कापलेले. पावसाळ्यात शेतीची कामे लागली की गावी माझा मुक्काम असतो. या वर्षी रात्री दिव्याखाली ती जुनी वही आणि ती कोपरे नसलेली पाकिटे घेऊन बसलो. शिक्का अर्धा तिकिटावर पडतो आणि अर्धा पाकिटावर. वहीतले तिकीट भिजवून सोडवावे, पाकिटाच्या कापलेल्या कडेला लावावे, वर्तुळाचा अर्धा भाग दुसऱ्या अर्ध्याशी जुळतो का ते पाहावे. शाईचा रंग, अक्षरांची जाडी, तारखेच्या आकड्याचा उरलेला तुकडा. महिन्याभरात वीसपैकी अकरा पाकिटे जुळली. १९५७ ची झाशीची राणी यवतमाळच्या पाकिटाला लागली. १९५२ चे कबीर अजून वहीतच आहेत.

सर्वांत शेवटचे पाकीट गंजाने जवळजवळ खाल्लेले. उजव्या कडेला शिक्क्याचा डावा अर्धा भाग आणि त्यात इंग्रजी अक्षरे: डब्ल्यू, ए, आर. वहीच्या पहिल्या पानावर १५ ऑगस्ट १९४८ रोजी निघालेल्या गांधीजींच्या तिकिटांपैकी दीड आण्याचे एक होते. हा संच स्वित्झर्लंडमध्ये छापलेला. त्यावर ‘बापू’ हे नाव देवनागरी आणि उर्दू अशा दोन्ही लिप्यांत आहे. त्या तिकिटाच्या कडेला डी, एच, ए ही अक्षरे होती. दोन्ही तुकडे शेजारी सरकवले आणि वर्तुळ पुरे झाले. वर्धा, ९ नोव्हेंबर १९४८. गांधीजी जाऊन तेव्हा नऊ महिने झाले होते, आणि पत्र निघाले होते सेवाग्रामपासून हाकेच्या अंतरावरून. त्या गावाचे मूळ नाव शेगाव. गजानन महाराजांचे शेगाव रेल्वेमार्गावर असल्याने गांधीजींचे टपाल वारंवार तिकडे जाई, म्हणून १९४० मध्ये त्याचे सेवाग्राम झाले.

आत एकच घडी घातलेला कागद होता, आबाजींच्या चुलतभावाचा. सरकीचा भाव विचारला आहे. कार्तिकीला कौंडण्यपूरच्या यात्रेला येतो, असे लिहिले आहे. पुलगावहून छोट्या गाडीने आर्वीपर्यंत येईन, नदीला पाणी उतरले असेल तर अलीकडच्या काठाशी बैलगाडी पाठवावी, आणि गाडीत गवत जास्त टाकावे, सोबत आई आहे.